सरांची खरबी

सर माणसाला समोरून बघत नसत. खोलीत कोणी आलं की ते खुर्चीतून उठायचे, टेबलाला वळसा घालायचे आणि येणाऱ्याच्या डाव्या हाताला जाऊन उभे राहायचे. मग बोलणं सुरू. नव्या माणसाला वाटायचं, आपलं स्वागत चाललंय. तो शिष्टाचार म्हणून सरांकडे तोंड वळवायचा, की सर आणखी अर्धं पाऊल डावीकडे. अशा गिरक्या घेत घेत केमिकल विकायला आलेला एक माणूस दारापर्यंत मागे सरकत गेलेला मी स्वतः पाहिलाय. मी कारण विचारलं तेव्हा सर म्हणाले, "मासा डाव्या बाजूनं मोजतात. जगभर. उजव्या बाजूनं मोजला तर तसं लिहून द्यावं लागतं." माणसाचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

ते माशांचं वर्गीकरण करायचे. सगळ्या माशांचं नाही, फक्त खरब्यांचं. खरबी म्हणजे बोटभर लांबीचा, चिखलाच्या रंगाचा, गालफुगा मासा. पाठीवर दोन वेगवेगळे पर, डोळे पार डोक्यावर, आणि पोटाखालचे दोन पर एकमेकांना जुळून त्यांची झालेली एक वाटी. त्या वाटीनं ती दगडाला चिकटून बसते. आमच्या भंडाऱ्याच्या तळ्यांत ती इतकी मिळते की तिला कोणी मासा म्हणून फारशी किंमत देत नाही. कोकणातल्या खाड्यांमध्ये तिची जी भावंडं राहतात त्यांच्या जाती किती, या एका प्रश्नावर सरांनी नोकरीची सगळी वर्षं घालवली. मी त्यांच्याकडे पीएचडीला आले तेव्हा उत्तर 'सहा' असं होतं, आणि त्यातली सहावी जात खुद्द सरांनी तरुणपणी शोधलेली होती. तिला लांबलचक लॅटिन नाव आहे. कॉलेजात मात्र सगळे तिला 'सरांची खरबी' म्हणायचे.

ती सहावी जात आता नाही. मासा आहे, त्याच खाडीत आहे, मजेत आहे. पण जात म्हणून तो आता उरलेला नाही. ते काम मी केलं. करायला नको तेवढा उशीर लावून केलं, आणि त्याबद्दल मला अजून लाज वाटते, म्हणून हे लिहायला बसले आहे.

सर माणसांना नावानं हाक मारत नसत. मासा कुठून आला हे कळल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही, असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी माणसांनाही लावलं होतं. मी 'भंडारा'. प्रयोगशाळेत बरण्या धुणारे, फॉर्मॅलिन भरणारे मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढलेले, म्हणून ते 'खडकी'. "अहो खडकी, जरा भंडाऱ्याला बोलवा," असं ते कॉरिडॉरमध्ये उभे राहून म्हणायचे तेव्हा दुसऱ्या विभागातली मुलं खिडकीतून डोकावायची. आदर मात्र पूर्ण. सगळ्यांना 'आपण' आणि 'अहो'. मला सुरुवातीला ते फार छान वाटलं. पुण्यात 'अहो' हा शब्द माणसाला हातभर लांब ठेवायलाही वापरतात, हे कळायला सहा महिने गेले.

त्यांचा कोणावरही विश्वास नव्हता. बरण्यांची झाकणं ते पांढऱ्या दोऱ्यानं बांधायचे आणि त्याला स्वतःची अशी एक गाठ मारायचे. दोनदा उलटी आणि एकदा सुलटी. कोणी उघडून पुन्हा बांधली तर गाठीवरून कळावं म्हणून. कपाटावर चिठ्ठी होती: 'बरणी उघडण्यापूर्वी विचारावे. विचारल्यास नाही म्हटले जाईल.' अल्कोहोलच्या प्रत्येक बरणीवर पातळीची पेन्सिलीची रेघ असायची, कारण पातळी मामांमुळे उतरते असा त्यांना संशय होता. मामा एकदा वैतागून म्हणाले, "सर, त्यात पंधरा वर्षं मासा मुरतोय. मला पिताना चव लागते हो." सरांनी ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून रेघेशेजारी तारीखही घालायला लागले.

आम्ही दोघंही वारज्याला राहायचो. ते त्यांच्या फ्लॅटमध्ये, मी कॉट बेसिसवर, तिघींच्या खोलीत. सकाळी एकाच थांब्यावर एकाच बसची वाट बघायचो. पहिल्याच आठवड्यात मी बसमध्ये त्यांना नमस्कार केला, तर ते खिडकीबाहेर बघत राहिले. कॉलेजात पोचल्यावर म्हणाले, "भंडारा, बसमध्ये माझ्याशी बोलू नका. तिथं लोक असतात." पुढची चार वर्षं आम्ही रोज एक तास एकाच बसमधून अनोळखी म्हणून प्रवास केला.

घरी ते पूर्ण शाकाहारी. मासा कधी तोंडात घातला नाही, पण हडपसरच्या बाजारात उजनी धरणातला माल येतो तिथं महिन्यातून एकदा जायचे, मला घेऊन. टोपलीतली खरबी उचलायची, डावी बाजू वर करायची, खिशाला टोचलेली सुई काढायची आणि उभ्या उभ्या खवल्यांच्या ओळी मोजायच्या. मागची गिऱ्हाईकं खोळंबायची. एकदा मासेवाली म्हणाली, "काय मोजताय हो एवढं? मासा हाय, जपमाळ न्हाई." सर शांतपणे म्हणाले, "आपण ही कालची म्हणालात. ही परवाची आहे. डोळ्यावरून दिसतं." त्यानंतर त्या बाजारात आम्हाला कोणी ताजा मासा दाखवेना.

त्यांचं एक पालुपद होतं: "दिसलं की मोजलं?" बस उशिरा आली म्हणा, डब्यात भाजी कमी होती म्हणा, पोरं हल्ली कमी येतात म्हणा, ते विचारायचे, दिसलं की मोजलं. फोटोवर विश्वास नाही. डीएनएवर नाही. इतर प्रयोगशाळांमध्ये जातींचे डीएनए बारकोड काढायला लागले तेव्हा सर म्हणाले, "बारकोड किराणा मालाला. आधी मोजायला शिका." शिवाय त्यांच्या जुन्या बरण्या फॉर्मॅलिनच्या, त्यातून डीएनए धड निघत नाही. आमच्याकडे पैसे नव्हते हे तिसरं कारण, ते सर कधी बोलले नाहीत.

मला विषय देताना त्यांनी दहा मिनिटंही घेतली नाहीत. कोकणच्या खाड्यांतल्या सहा जाती, त्यांची शरीररचना, खवले, परांमधले काटे, डोक्यावरच्या बारीक ठिपक्यांच्या ओळी, सांगाडा. सगळं पुन्हा मोजायचं. मी विचारलं, "सर, आधी काय सापडलंय ते वाचू का?" ते म्हणाले, "मी तुम्हाला काही सांगणार नाही. सांगितलं की तेच दिसतं." मला वाटलं, हे गुपित राखणं चाललंय. ग्रंथालयात त्यांच्या आधीच्या तीन विद्यार्थ्यांचे थिसिस होतेच. एक सोलापूरचा, एक नांदेडचा, एक कराडचा. मी ते गुपचूप वाचून काढले. तिघांनीही सगळं मोजून सरांची खरबी वेगळी जात असल्याचं लिहिलं होतं. तिघांचेही आकडे सरांच्या आकड्यांशी सुंदर जुळत होते. मी निश्चिंत झाले.

हळूहळू मलाही सरांचा गुण लागला. एकदा सकाळी येऊन बघते तर माझ्या ट्रेमधले मासे उलटून ठेवलेले. दुसऱ्यांदा माझ्या बाटल्यांचे दोरे सुटून त्यांच्या गाठीनं बांधलेले. मी नसताना ते माझे मासे मोजत होते. आमच्या वारज्याच्या खोलीतली एक मुलगी रसायनशास्त्रात पीएचडी करायची, तिच्या गाइडनं तिचा डेटा स्वतःच्या नावावर छापला होता. ती रात्रंदिवस तेच सांगायची. मी कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला आणि पेन ड्राइव्ह जेवणाच्या डब्यात, पोळीच्या खाली ठेवायला लागले. तेल लागून एक खराबही झाला.

मग खाडी. तिचं नाव मी इथं सांगत नाही, ही सवय सरांचीच. दोन वर्षं मी तिथं महिन्यातून एकदा जाऊन मासे आणत होते. पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, टाकून मिळायच्या त्या नेहमीच्या खरब्या, सरांच्या यादीतली पाचवी जात. सरांची खरबी मात्र पागात क्वचित यायची. ती मिळायची ओहोटीला, चिखलातल्या बिळात हात घालून. सरांनीही तरुणपणी तशाच पकडल्या होत्या, मामांना बरोबर नेऊन. ती ओळखायला सोपी: अंगानं मोठी, रंगानं काळपट, जबडा लांब, आणि पाठीवरच्या पहिल्या पराला दोऱ्यासारखं लांब टोक.

खरबी नर की मादी हे पोटाखाली, गुदद्वाराच्या मागं एक इवलासा कोंब असतो त्यावरून कळतं. नराचा लांब, टोकदार. मादीचा आखूड, रुंद. तांदळाच्या कणीएवढा अवयव, पण मायक्रोस्कोपखाली शंका राहत नाही. मी सगळ्या माशांसमोर 'नर' किंवा 'मादी' लिहीत गेले. खाडीच्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तक्ता समोर पसरला तेव्हा माझ्या लक्षात आलं की सरांच्या खरबीत एकही मादी नाही. आणि त्याच खाडीतल्या नेहमीच्या खरबीत पूर्ण वाढलेला नर नाही. नुसत्या माद्या आणि लहान पोरं. म्हणजे एका जातीत सगळे पुरुष, दुसरीत सगळ्या बायका, आणि दोन्ही एका चिखलात. संसार कोणाशी करत असतील?

मी पुन्हा बिळांमध्ये हात घातले. प्रत्येक बिळात छपराला अंडी चिकटवलेली आणि खाली तो मोठा काळपट मासा पहाऱ्याला. खरब्यांमध्ये अंडी बाप राखतो. बिळात हात घातला की बापच हाताला लागणार, दुसरं कोण लागणार? सरांनी शोधलेली सहावी जात म्हणजे पाचवीचा नवरा होता.

आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. थिसिसवर सही सरांची लागणार होती. सरांच्या आयुष्यात एकच जात होती, ती. आणि मी, त्यांनी भंडाऱ्याहून आणून बाकावर बसवलेली मुलगी, ती मुळात नाहीच असं सांगणार होते.

खात्री करायला मूळ बरणी बघायला हवी होती. नवी जात जाहीर करताना ज्या माशांवरून ती लिहिली जाते ते मासे जपून ठेवतात. सरांचे ते अकरा मासे कपाटात वरच्या फळीवर होते. विचारायचा प्रश्नच नव्हता, चिठ्ठी समोर होती. दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी मामा चहाला गेले तेव्हा मी बरणी खाली काढली. गाठ मी महिनाभर बघून शिकले होते. मासे ट्रेमध्ये काढले, पहिला पालथा केला, मायक्रोस्कोपखाली घेतला. कोंब नव्हता. त्या जागी ब्लेडनं घेतलेला स्वच्छ, सरळ काप. दुसरा घेतला, तिसरा घेतला. अकराच्या अकरा माशांचा तो अवयव कापलेला होता.

 कोणाला नर-मादी कळू नये म्हणून सरांनी पुरावा कापून टाकला होता. दुसरा काही अर्थ मला लावता येईना. बरणीच्या तळाशी नेहमीप्रमाणे पेन्सिलीनं लिहिलेली कागदाची एक घडी पडलेली होती. ती मी काढली नाही. बाहेरच्या लेबलावर सगळं होतंच, आणि मामांची पावलं वाजत होती. मी मासे परत घातले, दोनदा उलटी, एकदा सुलटी गाठ मारली आणि बरणी जागेवर ठेवली.

पुढचे दोन महिने मी सरांकडे गुन्हेगाराकडे बघावं तशी बघत होते. त्यांची सुई, त्यांच्या गाठी, त्यांचं 'दिसलं की मोजलं'. सगळंच ढोंग वाटायला लागलं. ते माझ्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले की मी ट्रे जवळ ओढून घ्यायचे. ते विचारायचे, "काय, जमतंय का?" मी म्हणायचे, "हो सर, व्यवस्थित." ते क्षणभर थांबायचे, आणखी काही ऐकायची वाट बघितल्यासारखे, आणि निघून जायचे. मला वाटायचं, अंदाज घेतायत.

त्याच सुमाराला हडपसरच्या एका कॉलेजची जाहिरात आली. प्राणिशास्त्राची एक जागा. पीएचडी झालेली असेल तर अर्ज करा. माझी फेलोशिप संपून चार महिने झाले होते. सर मे महिन्यात निवृत्त होणार होते. त्याआधी सही नाही झाली तर दुसरा गाइड, नवे फॉर्म, आणखी दोन वर्षं. बाबांना फोनवर सगळं सांगितलं. बाबा भंडाऱ्याला मासेमारांच्या सोसायटीत कारकून. ते म्हणाले, "तू सही घे अन् मोकळी हो. मासा काई पळून जात नाई."

मी दोन तक्ते केले. एक खरा, तो घरी ठेवला. दुसऱ्यात सरांच्या खरबीपुढे दोन माद्या घातल्या. हवेतून काढल्या नाहीत. पाठीवरच्या पराला लांब टोक नुकतं फुटायला लागलेले दोन लहान नर होते, त्यांच्यापुढे 'मादी' असं लिहिलं. दोन अक्षरांचं काम. सहा जाती कायम राहिल्या.

सही करायच्या दिवशी सरांनी थिसिस पूर्ण वाचून टेबलावर ठेवला होता. मी बसले. ते उठून माझ्या डावीकडे आले.

"सगळ्या मोजल्यात?"

"हो सर."

"माद्या सापडल्या?"

"दोन."

 मी समोरच्या बरण्यांकडे बघत होते. मग ते म्हणाले, "मागच्याला तीन सापडल्या होत्या." आणि खुर्चीवर जाऊन त्यांनी सही केली.

मला ते वाक्य तेव्हा धमकी वाटलं. मग वाटलं, समाधानानं म्हणाले असतील. बाहेर येऊन मी मामांना पेढे दिले. सर मे महिन्यात निवृत्त झाले, निरोपसमारंभाला आले नाहीत, आणि आमचा संबंध संपला. मला नोकरी लागली. आधी तासिका तत्त्वावर, मग प्रोबेशनवर. मुलांना मी वर्गीकरण शिकवायचे. सहा जाती शिकवायचे. सहावी आली की फळ्याकडे तोंड करून शिकवायचे.

काही वर्षांनी मामांचा फोन आला. कॉलेज सरांच्या प्रयोगशाळेची खोली पाडून तिथं कॉम्प्युटर लॅब करणार होतं. बरण्या एका संग्रहालयाला जाणार होत्या. सरांच्या एका कपाटाचं कुलूप तोडलंय, आत नुसत्या काचा आहेत, फेकू का, असं मामा विचारत होते. मी म्हटलं, हात लावू नका, येते.

कपाटात स्लाइडच्या लाकडी पेट्या होत्या. पहिल्या पेटीवर सरांच्या अक्षरात त्यांच्याच खरबीचं नाव आणि एक ते अकरा आकडे. कापलेले अकरा कोंब त्यांनी फेकले नव्हते. पातळ काप काढून, रंगवून, काचेवर बसवून ठेवले होते. शेजारी त्याच माशांच्या बीजग्रंथींचे काप. मी एकेक स्लाइड मायक्रोस्कोपखाली घेतली. नर. नर. नर. अकराव्यापर्यंत. मग मूळ बरणी काढून, चिमट्यानं तळाची ती कागदाची घडी वर घेतली. पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'जननकोंब तपासणीसाठी काढला. स्लाइड कपाट ३ मध्ये. मागितल्यास द्यावी.' माशाच्या बरणीत पहिल्यांदा आतली चिठ्ठी वाचायची असते. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते.

पेटीखाली एक वही होती. त्यात शेवटच्या पानावर चार ओळी होत्या.

'सोलापूर. माद्या तीन. तपासल्या. लहान नर.'

'नांदेड. माद्या दोन. तपासल्या. लहान नर.'

'कराड. माद्या तीन. तपासल्या. लहान नर.'

'भंडारा. माद्या दोन. तपासल्या. लहान नर.'

त्याखाली पाचव्या ओळीसाठी 'पाच' हा आकडा घातलेला होता आणि पुढची जागा कोरी होती.

मी तिथल्या स्टुलावर बसून राहिले. मामांनी चहा आणला, तो गार झाला. सरांनी चार माणसांना त्याच चिखलात पाठवलं होतं, कोणाला काही न सांगता, आणि चौघांनीही परत येऊन तेच सांगितलं जे सरांना ऐकायचं असेल असं आम्हाला वाटलं. माझे मासे उलटून बघायचे ते यासाठी. आणि मी त्यांना चोर समजत होते. लाज वाटली हे खरं, पण रागही आला, तोही सांगते. विचारल्यास नाही म्हटले जाईल अशी चिठ्ठी लावून बसायचं आणि कोणी विचारत नाही म्हणून वहीत टिपून ठेवायचं, ही कुठली रीत? एकदा 'भंडारा, तुम्हाला जे दिसलं ते लिहा' एवढं म्हणाले असते तर काय बिघडलं असतं?

पुढच्या रविवारी खरा तक्ता आणि सरांची वही पिशवीत घालून वारज्याला गेले. त्यांनी साखळी न काढता दार उघडलं. फटीतून विचारलं, "कोण?"

"भंडारा," मी म्हटलं. साखळी निघाली.

ते खूप वाळले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. टेबलावर भिंग आणि वर्तमानपत्र. बसा म्हणाले नाहीत, म्हणून मी उभ्या उभ्याच सांगितलं. दोन माद्या नव्हत्याच, त्या मी घातल्या. मला सहीच्या आधीच कळलं होतं की ती वेगळी जात नाही, नर आहे. तुम्ही सही करणार नाही म्हणून घाबरले. आता ते सगळं छापायचं आहे, माझ्या थिसिसमध्ये खोटं होतं हेही त्यात लिहायचं आहे.  

माझं संपल्यावर ते म्हणाले, "नोकरी कायम झाली वाटतं."

गेल्याच महिन्यात पत्र मिळालं होतं. मी सरांना ते सांगितलेलं नव्हतं, कोणीच सांगितलं नसणार.  मी अपराधाचं ओझं उतरवायला आले असं मला वाटत होतं, आणि या माणसानं एका वाक्यात दाखवून दिलं की मी आज का आले, काल का नाही. मग मात्र मला राहवलं नाही. पिशवीतून त्यांची वही काढून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "आणि तुम्ही, सर? अकरा स्लाइड होत्या तुमच्याकडे. आमच्या सगळ्यांच्या आधीपासून होत्या. तुम्ही का नाही छापलंत?"

त्यांनी वही उघडली नाही. तिच्या पुठ्ठ्यावरून नुसता हात फिरवला.

"माझी नोकरी तर पहिल्या वर्षापासून कायम होती," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी बसले, खरा तक्ता काढला आणि पहिल्या माशापासून वाचायला लागले.